लाल शिक्का आणि नाल्यातले ठसे

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, टिपेश्वर अभयारण्यापासून एसटीने तासाभरावर. पत्रकारितेचा वेगळा विभाग नाही. मराठी विभागात आम्ही दोघं, त्यातले एक तासिका तत्त्वावर. 'माध्यमांसाठी लेखन' हा दोन श्रेयांकांचा कौशल्य-विषय माझ्या वाट्याला आला, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. मुलंही बहुतेक तशीच आलेली. वेळापत्रकात जागा होती आणि कोणीतरी सांगितलं होतं की यात नापास करत नाहीत.

हा विषय मी कसा शिकवत होतो ते आधी सांगायला हवं. पहिला घटक इतिहासाचा: ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण', मग 'केसरी', मग 'मूकनायक'. दुसऱ्या घटकात बातमीलेखन, म्हणजे षट्‌ककार (कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं), उलटा पिरॅमिड (महत्त्वाचं आधी, तपशील नंतर), मथळे. तिसऱ्यात आकाशवाणी आणि दूरदर्शन. चौथा घटक 'नवमाध्यमे', आणि तिथे पोचेपर्यंत सत्र संपत आलेलं असायचं. ब्लॉग म्हणजे काय हे मी गेल्या वर्षी फळ्यावर लिहून दिलं. समोरच्यांपैकी एकानेही ब्लॉग पाहिलेला नव्हता. त्यांनी व्याख्या मात्र नीट उतरवून घेतली, आणि परीक्षेत ती जशीच्या तशी परत आली.

हा सांगाडा कुठला, हे शोधायला आम्हा वैदर्भीयांना फार लांब जावं लागत नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली पत्रकारितेचा विभाग निघाला. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली त्यासाठी आले होते, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांत त्याची गणना होते. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला वर्तमानपत्राच्या कचेरीत बसायचं होतं, छापखान्याशी बोलायचं होतं. त्याला मुद्रितशोधनाच्या खुणा येणं गरजेचंच होतं. सिद्धांत म्हणून आम्ही शिकवतो ते हॅरॉल्ड लॅसवेलचं सूत्रही त्याच काळातलं, १९४८चं: कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो. त्यात सांगणारा एका टोकाला असतो, ऐकणारा दुसऱ्या.

माझ्या वर्गातला मुलगा घरी गेला की वडलांच्या वावराची ई-पीक पाहणी स्वतःच्या फोनवरून भरतो. आईच्या 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी त्यानेच केलेली असते. यंदा हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी होती, तीही त्यानेच केली, शेजारच्या तिघांचीसुद्धा. गावच्या ग्रुपवर काय आलं ते आजीला वाचून दाखवतो आणि आजी जे बोलते ते रेकॉर्ड करून मामाला पाठवतो. गावात पेपर येतो तो पानठेल्यावर, एकच. त्या घरापुरता वार्ताहर, संपादक, पेपर टाकणारा पोऱ्या, सगळं हाच. आणि मी त्याला सत्राच्या शेवटच्या आठवड्यात 'वापरकर्ता' या शब्दाची व्याख्या देत होतो.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं नाही. जानेवारीत जे झालं त्यानंतर कळलं.

रविवार ते गुरुवार

२०२६च्या जानेवारीतला एक रविवार. रात्री नऊच्या सुमारास कॉलेजपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी लागोपाठ आल्या. आधी एक व्हिडिओ: गाडीच्या दिव्यांत रस्ता ओलांडणारा पट्टेदार वाघ, वीसेक सेकंदांचा. पाठोपाठ एक आवाज: "आपल्या शिवारात वाघ येऊन राह्यला बाप्पा. नाल्याकडच्या वावरात बायामानसायनं जाऊ नका. रातच्या ओलिताले एकट्यानं निघू नका." आवाज माझ्याच वर्गातल्या मुलाचा होता.

बाहेरच्या वाचकाला या दोन वाक्यांचं वजन कळणार नाही म्हणून थोडं सांगतो. जानेवारीत पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याचा कापूस उभा असतो. वेचणारी बाई किलोवर पैसे घेते. ती गेली नाही तर त्या दिवशी घरात काही येत नाही, आणि कापूस झाडावर राहिला तर मालकाचा जीव खालीवर होतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. म्हणजे वाघाच्या बातमीने गावातल्या प्रत्येक घराचा उद्याचा दिवस बदलतो. शिवाय आमच्या भागाला वाघ नवा नाही. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी नोंदले गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तेव्हाच्या संध्याकाळी दार लावून बसलेली घरं माझ्या विद्यार्थ्यांनी लहानपणी पाहिली आहेत.

सोमवारी बाया कामावर गेल्या नाहीत. दोन शेतकऱ्यांनी सरपंचांकडे तक्रार केली. पोलीस पाटलांनी त्या मुलाला फोन करून "तुह्यावर गुन्हा दाखल करतो" असं सुनावलं. तो वर्गात आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. चौथ्या घटकाला जिवंत उदाहरण मिळालं होतं.

मी व्हिडिओ भिंतीवर लावला आणि म्हटलं, हा कुठला आहे ते शोधा.

पुढचे दोन तास या विषयातले आजवरचे सगळ्यात चांगले तास होते. मुलांनी चित्र थांबवून गूगल लेन्समध्ये टाकलं. शेकडो वाघ आले, हा आला नाही. एकाने रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाकडे बोट दाखवलं. त्याचं डोकं हिरवं होतं. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाला पिवळं असतं, राज्य महामार्गाच्या दगडाला हिरवं, आणि त्या गावाजवळून राज्य महामार्ग जातच नाही. मग मागच्या बाकावरची, सहसा न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "सर, साग पाहा ना. किती हिरवागार हाय." तिचं गाव जंगलाच्या कडेला. जानेवारीत आमच्याकडे सागाची पानं करपलेली, गळायला आलेली असतात. व्हिडिओतला साग पावसाळ्यातला होता, रस्ताही ओला. त्यानंतर दुसऱ्या एका चौकटीवरून शोध घेतला तेव्हा काही वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेला तोच व्हिडिओ सापडला. त्यात गाडीतल्या माणसांचं बोलणं शाबूत होतं, आणि ते मराठी नव्हतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचं उदाहरण ताजं होतंच. २०२५च्या नोव्हेंबरात तिथल्या वन विश्रामगृहासमोर वाघाने माणसाला उचलल्याचं म्हणून एक सीसीटीव्हीसारखं चित्रण फिरलं होतं आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं निघालं होतं. तेही मी दाखवलं. मंगळवारी दुपारी मुलांनी एक पोस्टर केलं. वाघाच्या चित्रावर तिरका लाल शिक्का: 'खोटं'. खाली 'अफवांवर विश्वास ठेवू नका, बिनधास्त कामाला जा' आणि कॉलेजचं नाव. ते गावच्या ग्रुपवर गेलं, आजूबाजूच्या आठ-दहा ग्रुपवर गेलं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये कौतुक केलं. 'बिनधास्त' हा शब्द मीच सुचवला होता.

बुधवारी बाया वेचायला गेल्या. गुरुवारी सकाळी नाल्याच्या ओल्या मातीत ठसे दिसले. वनरक्षक आले, त्यांनी मापं घेतली आणि ठसे वाघाचे असल्याचं सांगितलं. दोन-तीन दिवसांचे असावेत म्हणाले. बुधवारी बाया जिथे वेचत होत्या तिथून तो नाला हाकेच्या अंतरावर आहे.

कोणाला काही झालं नाही. ट्रॅप कॅमेरे लावले, त्यांत रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आली. वाघ आला तसा निघून गेला असावा. पण वेचणाऱ्या बायांत माझ्या एका विद्यार्थिनीची आई होती. शनिवारच्या बाजारात ती भेटली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "सर, तुमचं ते लाल शिक्क्याचं खरं असन बी. पन आमी त नाल्याच्याच काठी होतो ना."

त्या मुलाचं म्हणणं

सोमवारी मी व्हिडिओची उलटतपासणी केली, मुलाला मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता. तो खोटं पसरवणारा आहे हे मी धरूनच चाललो होतो. ठसे सापडल्यावर त्याला बोलावलं. त्याचं म्हणणं जवळपास त्याच्या शब्दांत असं:

"काकाजी जागलीले होते सर. शनिवारी रातच्याले नाल्याकून आवाज आला, कुत्रे एकदम चूप झाले. सकाळी त्यायनं सांगतलं. मी ग्रुपवर नुसतं बोललो असतो त कोनी आयकलं असतं काय? म्हनले असते, पोट्टा फेकून राह्यला. इडिओ लागते. म्हनून नेटवरचा लावला."

मी बराच वेळ गप्प बसलो. त्याची माहिती खरी होती. तिला आधार म्हणून जोडलेलं चित्र दुसरीकडचं होतं. ते त्याने का जोडलं, तर आमच्या सगळ्यांच्या सवयीमुळे: चित्राशिवाय बोललेलं ऐकायचंच नाही. आणि हे काम तो एकटा करत नाही. वाघाची बातमी छापताना वर्तमानपत्रंही जुना फोटो वापरतात, फक्त खाली बारीक अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र' असं लिहितात. टीव्हीवाले कोपऱ्यात तसंच काहीतरी टाकतात, कधी टाकतही नाहीत. माझ्या विद्यार्थ्याकडून राहिला तो 'संग्रहित' हा एक शब्द. तीन घटक शिकवून झाले तरी मी तो शब्द वर्गात कधी उच्चारला नव्हता, कारण तो अभ्यासक्रमात नाही.

मग आमचा शिक्का काय म्हणत होता? व्हिडिओ इथला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक झालं होतं. आम्ही सांगितलं, वाघ नाही. या दोन वाक्यांमध्ये एक नाला होता आणि तिकडे आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. वनरक्षकाला फोनसुद्धा केला नव्हता. त्यांचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला आहे.

साचा कुठून आला

चूक माझी होती हे लिहून मोकळं होता येईल. पण ती कशी झाली हे बघितलं तर शिकवण्याबद्दल जास्त कळतं.

अफवा म्हटलं की माझ्या डोक्यात राईनपाडा येतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढा भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हे सगळं मी दरवर्षी सांगतो आणि सांगितलंच पाहिजे. तिथे टोळी नव्हतीच. 'खोटं' हा शिक्का तिथे वेळेवर पोचला असता तर पाच माणसं वाचली असती.

मी तोच साचा उचलून वाघावर बसवला. आमच्या जिल्ह्यात 'वाघ नाही' असं कोण छातीठोक म्हणू शकतं? जून २०१९ मध्ये टिपेश्वरातून निघालेला एक कॉलर लावलेला तरुण वाघ १,३००हून अधिक किलोमीटर भटकून त्याच डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. किती गावांच्या शिवारांतून तो गेला असेल, आणि त्यातल्या कित्येकांना पत्ताही लागला नसेल. असं जनावर ज्या भागात फिरतं तिथल्या मुलांना 'खरं की खोटं' अशी दोनच खाती देणं हा शिकवण्याचा आळस आहे.

पडताळणीच्या तंत्राचंही तसंच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना संकेतस्थळं तपासायला दिली होती. तपासनीस एका पानात रुतून न बसता लगेच बाहेर पडून इतरत्र काय लिहिलंय ते पाहतात, असं त्यांना आढळलं. पद्धत चांगली आहे, मी शिकवतो. पण ती गृहीत धरते की इतरत्र काहीतरी लिहिलेलं आहे. आमच्या नाल्याबद्दल इंटरनेटवर एक ओळ नाही. इथे बाहेर पडून पाहायचं म्हणजे खरोखर बाहेर पडायचं: जागलीवाल्या काकाजींना विचारायचं, गुराख्याला विचारायचं, वनरक्षकाला फोन लावायचा. सागाची पानं ओळखणारी मुलगी आणि लेन्स या दोन्हींतलं आधी कोण कामी आलं हे सगळ्या वर्गाने पाहिलं होतं. तरीही पुढचं पाऊल मला सुचलं नाही.

खुलासा

पुढच्या सोमवारी वर्गाला एकच काम दिलं: ग्रुपवर टाकायचा खुलासा लिहा. मी पंधरा मिनिटांचा अंदाज केला होता. आम्हाला तीन तासिका लागल्या, आणि या प्रकरणातला शिकवण्यासारखा मजकूर बहुतेक त्या तीन तासिकांतच आहे.

पहिला मसुदा शासकीय झाला. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, दि. अमुक रोजी प्रसारित झालेल्या संदेशाबाबत'. कोणीतरी म्हणालं, हे वाचून लोक समजतील पाणीपट्टी वाढली. दुसऱ्या मसुद्यात माफीच माफी. तिसरा वऱ्हाडीत होता, झकास होता, पण त्यात पुन्हा 'वाघ आला होता' असं ठोकून दिलेलं. मी विचारलं, आला होता हे कोणी पाहिलं? कोणीच नाही. ठसे पाहिले. ठसे कोणी पाहिले? वनरक्षकांनी. ते काय म्हणाले? जुने म्हणाले. मग लिही ना तेच.

असं करता करता फळ्यावर जे उरलं ते पाहून मलाच हसू आलं. कोणी पाहिलं, काय पाहिलं, कुठे, कधी, कोणाला कळवलं. म्हणजे आमचे जुने षट्‌ककारच, दुसऱ्या घटकातले, जे मी पाठ करून घेत होतो. मुलांनी त्यात एक घातला: 'तुला कसं कळलं?' हा प्रश्न बातमीदाराला विचारावा लागत नसे, कारण तो वर्तमानपत्राचा माणूस म्हणून आलेला असे. ग्रुपवरच्या पुतण्याला तो विचारावा लागतो. अभ्यासक्रम सगळाच मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. जुनं सामान बरंचसं उपयोगी आहे, पण ते माळ्यावर ठेवून आम्ही त्याची यादी शिकवतो.

दुसरी गोष्ट एका निवृत्त कोतवालांमुळे कळली. त्या गावचेच. दवंडी कशी द्यायचे हे विचारायला मुलं त्यांच्याकडे गेली होती, खरं म्हणजे मजा म्हणून. त्यांनी सांगितलं की डफडं वाजवून आधी हुकूम कोणाचा ते सांगायचं, तहसीलचा की ग्रामपंचायतीचा की पाटलाचा, मग मजकूर. आणि गावाच्या सगळ्या वस्त्यांतून फिरायचं, कोणाचाही मोहल्ला सोडायचा नाही. "मनचं काई जोडाचं नाही," असंही म्हणाले. मुलांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा एकाने ग्रुपवरचा 'फॉरवर्डेड' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, सर, हा हुकूम कोणाचा?

वस्त्यांची गोष्ट मुलींनी पकडली. ज्या बायांसाठी तो इशारा होता त्यातल्या बहुतेक त्या ग्रुपमध्ये नाहीतच. फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. वर्गातल्या काही मुलींचंही तसंच आहे, त्या भावाच्या फोनवरून पीडीएफ पाहतात. ग्रुपचे ॲडमिन सगळे पुरुष. मग बायांपर्यंत बातमी पोचते कशी? मुलींनी आठवडाभर आपापल्या गावात विचारून काढलं. वेचणीला बायांची टोळी जमवणारी बाई संध्याकाळी घरोघर जाते, 'उद्या अमक्याच्या वावरात' म्हणून सांगते, तिच्या तोंडून सगळं जातं. आमचा लाल शिक्काही बायांना तिनेच सांगितला होता, 'कॉलेजवाल्यायनं सांगतलं, वाघ नाही' या शब्दांत. पोस्टरवरचा बारीक मजकूर वाटेत गळून पडला. आम्ही त्यात कितीही सावध वाक्यं घातली असती तरी तिच्या तोंडून चारच शब्द गेले असते. तेव्हा ते चार शब्द कोणते असावेत हे आधी ठरवायला हवं होतं.

शेवटी गेलेला खुलासा असा होता: 'रविवारचा व्हिडिओ आपल्या गावचा नाही, जुना आहे. पण नाल्यात वाघाचे ठसे सापडले आहेत, वनरक्षक साहेबांनी गुरुवारी पाहिले, तेव्हा ते दोन-तीन दिवसांचे होते. वाघ आत्ता कुठे आहे ते माहीत नाही. नाल्याकडे जाताना चार-पाच जण मिळून जा. आम्ही बिनधास्त जा म्हटलं ते चुकलं.' खाली वर्गाचं नाव, माझं नाव, वनरक्षकांचा नंबर. टोळीवाल्या बाईला मुलींनी तोंडी सांगितलं: "वाघ असू बी शकते, जोडीनं जा."

'चुकलं' या शब्दावर कॉलेजात थोडी कुरबुर झाली. संस्थेचं नाव असताना चूक कबूल करू नये, असं एका ज्येष्ठांचं मत. मी नाव काढायला नकार दिला आणि विषय तिथेच संपला.

टी-१ की अवनी

या प्रकरणाने एक जुना अवघड धडा आपोआप सोपा झाला. मॅककोम्ब्स आणि शॉ यांचा अजेंडा-निर्मितीचा सिद्धांत (माध्यमं ज्याला महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटू लागतं) मी १९६८ची अमेरिकन निवडणूक, चॅपल हिल गाव, असा शिकवायचो. मुलं लिहून घ्यायची. आता टी-१ घेतली. वनखात्याच्या कागदावर ती टी-१. शहरातल्या प्राणिप्रेमींच्या मोहिमेत ती अवनी, दोन बछड्यांची आई. आमच्या गावांत ती नरभक्षक. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि नोव्हेंबरात ती मेल्यावर एकीकडे निषेध झाले, दुसरीकडे गावांत फटाके फुटले. एकच जनावर, तीन नावं. मुलांना मी म्हटलं, तुमच्या घरी त्या वेळी कोणतं नाव चालायचं ते विचारून या, आणि देशभर कोणतं नाव पोचलं ते शोधा.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला की त्याच्या घरी यातलं कोणतंच नाव नव्हतं. आजी 'थे' म्हणायची, नाव घेत नसे. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. मेलेल्या तेरा जणांची नावं किती जणांना आठवतात असंही विचारलं. वर्गात एकाला एक नाव आठवलं, तेही नात्यातलं होतं म्हणून.

पोलीस पाटलांचा विषय थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ खोटी माहिती आणि अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करण्याबद्दल आहे, हे मी वर्गात सांगितलं, आणि चांगल्या हेतूने, खरं मानण्याला आधार असताना सांगितलेल्या गोष्टीला त्यात वेगळी वागणूक आहे हेही. पाटलांना जाऊन भेटलो. ठसे सापडल्यावर त्यांचाही सूर बदलला होता. गुन्हा वगैरे काही झाला नाही.

विषयाचं आता काय

घटकांची नावं मला बदलता येत नाहीत, क्रम आणि अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत. तेव्हा आता चौथा घटक पहिला घेतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गावच्या ग्रुपवरचे सात दिवसांचे मजकूर वर्गवारी करून आणायचे: हुकूम कोणाचा, पाहिलं कोणी, पोचलं कोणाला नाही. माणसांची नावं आणि नंबर काढून टाकायचे, हे पहिल्याच दिवशी बजावतो, कारण एकाने थेट ग्रुपचे स्क्रीनशॉट आणले होते आणि त्यात दोन घरांचं भांडण होतं. 'दर्पण' शेवटी गेला. गंमत म्हणजे तो तिथे जास्त रंगतो. छापील माणूस आपल्या नावाने का बोलायला लागला, हा प्रश्न तोवर मुलांचा झालेला असतो.

अडचणी आहेत. सहकारी विचारतात, यातून नोकरी कुठली? प्रश्न रास्त आहे. पण जुन्या पद्धतीने तरी कुठली होती? तालुक्याचा वार्ताहर जाहिरातीच्या कमिशनवर जगतो, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या पुरवण्या भरता भरता त्याची चप्पल झिजते. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, ज्याला पत्रकारच व्हायचंय त्याला मी तिकडे धाडतो. वर्षाला एखादाच असतो. उरलेली मुलं शेतात, दुकानात, सेतू केंद्रात, सासरी जाणार आहेत आणि फोन त्यांच्या हातात राहणार आहे.

लेखी परीक्षेचं गाडं मात्र तिथेच अडलंय. 'टिपा लिहा: ब्लॉग' हा प्रश्न यंदाही येईल असं धरून मी शेवटच्या तासाला व्याख्या लिहून दिली. मुलींनी केलेला टोळीवाल्या बाईचा शोध कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात बसवायचा, हे मला सुचलेलं नाही.

मार्चमध्ये त्याच गावच्या ग्रुपवर त्याच मुलाचा मजकूर आला. मला त्याने दाखवला नाही, दुसऱ्या एकाने दाखवला. 'काकाजींनी काल रात्री दहा वाजता टेकडीकडच्या धुऱ्यावर बिबट पाहिला असं सांगितलं. मी पाहिला नाही. वनरक्षक साहेबांना सकाळी फोन केला, ते येणार आहेत. फोटो नाही.'

खाली दोघांनी अंगठा दाखवला होता. तिघांनी विचारलं होतं, फोटो कुठाय?